हरेशनं चमकवलेलं शंभराचं नाणं

माझा धाकटा भाऊ हरेश पावणे गावच्या कारखान्यात बफिंग करतो. नळ द्या, कडी द्या, तोंड बघून भांग पाडाल असं चमकवून देईल. शिकवला कोणी? मी. सातवी शिकलेला, पण माझ्या हाताखालची पोरं आज रबाळेपर्यंत पसरलीत.

शेठ जुनी बफिंग मशीन विकत होता. हरेशला ती पाहिजेच होती. दुसऱ्याची चाकरी त्याला बस झाली होती. त्याच्या शेजारी काम करणारा अभयपण टपलेला. शेठ बोलला, "आज संध्याकाळपर्यंत पैसे आणील त्याची."

हरेशकडं डबाभर दहाची नाणी, कुठली जयंती, कुठली शताब्दी छापलेली. आणि एक शंभराचं, चांदी मिसळलेलं, टाकसाळीच्या सीलबंद खोक्यातलं. मॅनेजरनं रिटायर होताना दिलेलं. असली नाणी लाखाला जातात, असं हरेशनं मोबाईलवर बघितलेलं.

आमी वाशीला नाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दहाची परत ढकलली. "बाजारात फिरणारी आहेत. दहाची दहालाच." मग शंभराचं उचललं.

"हे कोणी घासलं?"

"मी!" हरेशनं छाती काढली. "सील फोडून बफच्या चाकावर धरलं. बघा, कसं झालंय!"

आमच्याकडं बफवरून गेल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाय.

"सीलबंद असतं तर छापील किमतीच्या कितीतरी वर दिले असते. आता नुसत्या चांदीचा भाव. येडा आहेस काय? चामडी सोललीस नाण्याची."

येडा? माझ्या भावाला? मी दुकानदाराची कॉलर धरून तोंड काउंटरच्या काचेवर आपटलं. काच फुटली, त्याचं नाकपण. मागून नोकरानं शटरचा लोखंडी आकडा माझ्या पाठीत घातला. मी वळून असा ठोसा दिला की दोन दात जमिनीवर.

"दादूस, सोड! मशीन जाईल माझी!" हरेश मधे घुसला. नोकरानं परत फिरवलेला आकडा त्याच्या खांद्यावर बसला, तोल गेला नि उजवा हात फुटक्या काचेत. अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला.

टाके घालून कारखान्यात पोचलो तर मशीन अभयची झालेली.

"काय लखपती," अभय हसला, "माझ्याकडं येतोस कामाला?"

मी मूठ उचलली. हरेशनं मलाच भिंतीवर ढकललं. "तुजा बस झाला आज!"

मग मशीन चालू केली, डाव्या हातानं खिशातलं शंभराचं नाणं फिरत्या चाकावर दाबलं. चित्र गेलं, शंभरचा आकडा गेला, धूर निघाला, बोटं भाजली तरी सोडेना. शेवटी चाकानंच ते हिसकावलं नि माझ्या कपाळावर फेकलं. हाड दिसलं म्हणतात.

हात बरा झाल्यावर हरेश अभयकडं त्याच मशीनवर लागला. अख्ख्या पावण्यात तशी चमक कोणाची नाय. डब्यातली नाणी चहाला देतो. टपरीवाला बोलला, दहाचं नाणं चालत नाय, की मी जाऊन कपाळावरची खोक दाखवतो.

दहाचं दहाला घेतो गपचूप.