चार तेवीसचं गाणं

ती कॅसेट मामांना एका जवानानं दिली होती. मामा नगरला कॅन्टोन्मेंटमध्ये इलेक्ट्रिशियन होते आणि हा जवान परदेशातल्या शांतिसेनेतून नुकताच परतला होता. मला यातलं काही कळत नाही, घरी पोरी असतील तर त्यांना द्या, असं म्हणून त्यानं ती मामांच्या हातात ठेवली.

पोरी म्हणजे आम्ही दोघी. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. मी शेवगावहून येऊन मामांकडे राहत होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय गणित. मामेबहीण माझ्याच वयाची, त्याच कॉलेजात बी.ए.ला.

कॅसेटच्या कव्हरवर दोन माणसं होती, एकाच्या डोक्यावर उलटी टोपी. आत घडी घातलेल्या कागदावर चौदा गाणी आणि प्रत्येकासमोर त्याची मिनिटं-सेकंदं. ही गाणी म्हणजे गाणं कमी आणि ठेक्यावर बोलणं जास्त. एक बोलायला लागायचा, दुसरा मध्येच त्याचं वाक्य उचलायचा. असलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पहिल्याच दिवशी आम्ही दोन्ही बाजू तीन वेळा वाजवल्या. मामी म्हणाली, "भांडतायत का काय ते?" बहीण म्हणाली, "व्हय, पण तालात."

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये यातलं सहावं गाणं कॅसेटच्या जोडीनं म्हणायचं आम्ही ठरवलं. बहिणीनं वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं. मागच्या वर्षी आमचा नाच निवडीतच गळला होता आणि पोरी त्यावरून अजून टोमणे मारत होत्या. या खेपेला नाव यादीत लागायलाच हवं होतं.

ऐकून ऐकून मी सगळे शब्द देवनागरीत उतरवले. चौसष्ट ओळी, वहीची साडेतीन पानं. अर्थ निम्माही लागत नव्हता. घड्याळ लावून पाहिलं तर गाणं चार मिनिटं तेवीस सेकंद भरलं. कागदावर तीन अठ्ठावन्न छापलं होतं. मी छापणाऱ्याची चूक धरली आणि पेन्सिलनं त्यावर काट मारून दुरुस्ती केली. माझं मोजणं चुकत नाही याची मला खात्री होती, आणि ते चुकलंही नव्हतं.

तीन आठवड्यांत चौसष्ट ओळी पाठ झाल्या.

मंगळवारी निवड होती. कॉलेजचा डेक नवा होता. गाणं सुरू झालं आणि त्या दोघांचे आवाज एकदम तरणे झाले. घरी ते चांगले जाड आवाजाचे बाप्ये वाटायचे. आठव्या ओळीपर्यंत आम्ही कशाबशा टिकलो, पुढं ते निघून गेले आणि आम्ही मागं बडबडत राहिलो. सांस्कृतिक विभागाच्या सरांनी डेक बंद केला.

"पाठ नाही का गं तुमचं?"

"पाठ आहे सर," बहीण म्हणाली. "तेच लवकर म्हणाले."

मागं बसलेल्या पोरी खदखदल्या. सर मात्र हसले नाहीत. "गुरुवारी चारला परत या," ते म्हणाले. "तेव्हा चुकलात तर विषय संपला."

घरी परतताना माझ्या डोक्यात तीन अठ्ठावन्नच फिरत होतं. चार तेवीस भागिले तीन अठ्ठावन्न, साधारण एक पूर्णांक एक दशांश. घरी आल्याबरोबर आणखी तीन गाणी मोजली. प्रत्येक वेळी गुणोत्तर तेच. छापणारा चारही गाण्यांत एकाच मापानं चुकणं शक्य नव्हतं. चुकत होता तो आमचा टेप. उड्याच मारायच्या बाकी होत्या.

"अगं, आपलं पाठांतर बरोबर आहे," मी बहिणीला म्हणाले. "आपल्या घरात सगळंच हळू वाजतं, साडेदहा टक्के जास्त वेळ घेऊन."

साडेपाचला मामा आले. ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, "हळूच हाय तो. मीच केलाय."

मग त्यांनी सांगितलं. आजोबा, म्हणजे मामांचे आणि माझ्या आईचे वडील, गावोगाव भीमगीतं म्हणायचे. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती आणि ती भरताना टेपमधले सेल उतरलेले होते. त्यामुळे कुठंही लावली तरी आवाज बारीक आणि घाईचा यायचा. मोटरच्या मागं एक लहानसा स्क्रू असतो, त्यानं वेग कमी-जास्त होतो. आजोबांचा आवाज आजोबांसारखा येईपर्यंत मामा तीन रविवार तो स्क्रू फिरवत बसले होते.

"आता हलवला तर पुन्हा ती जागा सापडायची न्हाई," ते म्हणाले.

बहीण रुसून आत गेली. मी म्हणाले, "मामा, आजोबांचं गाणं मी आत्ता मोजून ठेवते. नंतर स्क्रू परत फिरवला आणि तेवढेच सेकंद भरले, तर आवाज तोच असणार. कानानं शोधायची गरज नाही."

मामांनी आजोबांची कॅसेट काढून टेपमध्ये घातली. मग म्हणाले, "तीनदा मोज."

तीनदा मोजलं. पाच मिनिटं बारा सेकंद, तिन्ही वेळा. मग मामांनीच स्क्रूड्रायव्हर आणला आणि आमचं गाणं तीन अठ्ठावन्न भरेपर्यंत स्क्रू फिरवला.

बुधवारी कॉलेज बुडवलं. खऱ्या वेगात पहिल्यांदाच अख्खं गाणं ऐकलं. हळू वाजताना प्रत्येकाचं बोलणं एकटीला सहज जमत होतं, मग ही माणसं दोन कशाला, असं मला वाटायचं. आता कळलं. एकाला श्वास घ्यायला जिथं जागा उरत नाही, तिथं दुसरा उचलतो. आम्ही वहीत प्रत्येक ओळ कुठं सोडायची आणि कुठं धरायची याच्या खुणा केल्या. दुपारी दोनपर्यंत चौदा वेळा पडलो. पंधराव्या वेळी शेवटपर्यंत गेलो आणि मामीनं पोळ्या लाटता लाटता लाटणं पोळपाटावर वाजवलं.

संध्याकाळी स्क्रू परत फिरवला. पाच एकोणीस आले, मग पाच नऊ, मग बरोबर पाच बारा. मामांनी डोळे मिटून आजोबांचं पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, "हां. हेच."

गुरुवारी चारला सरांनी बटण दाबलं. आठवी ओळ गेली, विसावी गेली. चाळिसाव्या ओळीला बहिणीचा श्वास संपला आणि तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. खुणेच्या दोन शब्द आधीच मी ओळ उचलली. कुणाला कळलंही नाही. चौसष्टावी ओळ आणि त्या दोघांचा आवाज एकत्रच थांबला. या खेपेला मागं कुणी खदखदलं नाही.

सरांनी यादीवर लिहायला पेन उघडलं. "नाव काय लावू या प्रकाराला?"

आम्ही दोघी दम खात होतो. सरांनीच मग 'द्वंद्वगीत' लिहिलं आणि पुढं कार्यक्रमाचा क्रमांक टाकला, अकरा.