तांबीला टोचलेली सुई

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, माणसाच्या तोंडाकडं बघत नसे, हाताकडं बघे. गिरणीत दळण टाकलं की पीठ आपल्याच डब्यात पडतंय का ते बघत उभी राहायची. तेलवाल्याचं माप असो की शिंप्याची कात्री, नजर हलायची नाही. गिरणीवाला ओरडायचा, "जमादारीण आली, नीट दळा रे!" तेच नाव गावानं धरलं, पुढं मीही. तिला राग नव्हता. म्हणायची, "कुनी बघतंय म्हटलं की मानूस नीट करतं. त्यात त्याचंबी भलंच हाय."

सोनईच्या पुढं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. पोरं अजून व्हायची होती. तिथं खडीच्या ढिगाआड तिला कुत्रीचं पिल्लू सापडलं. रंगानं तांबडं म्हणून तांबी. कामावर खायला पिठाची सुकडी मिळायची, त्यातला आपला घास ती तांबीला द्यायची. बैल चारा-छावणीत नेऊन बांधलेले, गोठा मोकळा. दारात हलणारा जीव म्हणजे तांबीच. बाया हसायच्या, "मानसाला पानी न्हाई, आन् हिला कुत्र्याचं कवतिक!" ही म्हणायची, "तुमच्या ताटातलं मागितलं का?"

तांबीला खरूज झाली. खाजवून खाजवून रक्त काढायची. गुरांच्या दवाखान्यात नेली तर डॉक्टर छावणीवर गेलेले. शिपाई भाऊसाहेब एकटाच होता. "कुत्र्याला डॉक्टर कशाला लागतोय?" म्हणाला, आत गेला आणि सुई भरूनच बाहेर आला.

हिनं विचारलं, "कंच्या बाटलीतली भरली? दावा की."

"वैनी, बाटली दावली तर वाचता येतंय का तुमाला?" असं म्हणून त्यानं टोचूनही टाकली. त्याचा हात बैलांचा. माप बैलाचंच पडलं असणार.

घरी पोचेपर्यंत तांबीच्या तोंडाला फेस आला. मागचे पाय गेले, अंग थडथड उडायला लागलं. हिनं तिला पाटीत घातलं, पाटी डोक्यावर घेतली आणि तशीच मागं फिरली. ऊन असं की पाय भाजत होते. पाटी डोक्यावर, त्यामुळं तिला आतलं दिसेना. दर थोड्या वेळानं विचारायची, "हाय का हो? बघा की." मी हात वर करून तांबीच्या पोटाला लावायचो, श्वासाचं हलणं लागतंय का बघायला. "हाय." परत चार पावलं गेलो की, "हाय का?" एकदा माझ्या हाताला काहीच लागलं नाही. तरी मी "हाय" म्हणालो. पुढच्या वेळी लागलं.

दवाखान्यातून छावणीवर निरोप धाडला. डॉक्टर सायकलीवरून आले ते घामाघूम होऊन. तरुण माणूस, नव्यानं लागलेला. तांबीचे डोळे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. "भाऊसाहेब, कोणतं औषध दिलंत?"

"म्या टोचलंच न्हाई साहेब. ह्यांनीच घरी काई चारलं असंल."

मी त्याची गळपट्टी धरली. डॉक्टरांनी मला बाजूला केलं. म्हणाले, "दोन बाटल्या आहेत. एका औषधावर माझ्याकडं उतारा आहे. पण दुसरं दिलं असेल आणि मी तोच उतारा टोचला, तर कुत्री जागेवर जाईल. बोला लवकर."

भाऊसाहेब "म्या न्हाई" एवढंच म्हणत राहिला. दुष्काळात सरकारी नोकरी म्हणजे सगळ्या घराची भाकरी, ती जाईल ही भीती. जमलेले लोक हिला म्हणाले, "तक्रार करनार न्हाई म्हना, म्हंजे सांगंल तो." मीही म्हणालो, "म्हण की बाई, म्हणायला काय जातंय?" तांबीचा श्वास आता मध्येच अडकत होता.

ही म्हणाली, "खोटा शबूद मी देनार न्हाई. तक्रार करनार. पण भाऊसाहेब, तुमी आत्ता खरं बोलला तर वरच्या साहेबापुढं तेबी सांगंन. आन् न्हाई बोलला तर तेबी."

तो कपाटाकडं गेला, एक बाटली काढून टेबलावर ठेवली आणि तोंडावर हात घेऊन बसला.

डॉक्टरांनी उतारा टोचला. आम्ही ओट्यावर बसून राहिलो. दिवे लागायच्या सुमाराला तांबीनं हिच्या हातावरचं पाणी चाटलं.

पुढं भाऊसाहेबाची बायको घरी आली, पदर पसरून रडली. हिनं तिला चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं, पण शब्द फिरवला नाही. नगरहून तपासणीला साहेब आले, तेव्हा त्यांच्यासमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं. भाऊसाहेबानं लपवलं ते, आणि शेवटी कबूल केलं तेही. डॉक्टरांनाही सोडलं नाही. "हे छावनीवर जातात तवा सुयांच्या कपाटाला कुलूप नसतं," म्हणाली.

साहेब म्हणाले, "बाई, कुत्री जगली ना? मग आता कशाला?"

"जगली म्हनून तर आले साहेब. मेली असती तर रडत बसले असते. मग सांगायला कोन आलं असतं?"

भाऊसाहेबाची नोकरी राहिली, सुईला हात लावायची मात्र बंदी झाली. कपाटाला कुलूप आलं. तो रस्त्यात मान फिरवायचा. ही मुद्दाम हाक मारायची, "भाऊसाहेब, पोरं बरी हायेत ना?"

गेल्या थंडीत ती गेली. शहरातल्या एका दवाखान्यात होती. सकाळी माझ्याशी बोलली, मग कसलीशी सुई दिली, आणि दुपारी नव्हती. कशाची सुई, कोणी दिली, मला ठाऊक नाही. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ठाऊक नसताना कोणावर आळ घेतलेला तिला चालला नसता.

पोरगा म्हणतो, "दादा, चला, जाऊन विचारू तरी." मी टोपी घालतो, चपला घालतो, ओट्यापर्यंत येतो आणि तिथंच बसतो. एवढं रडू थांबलं की निघू, असं त्याला रोज सांगतो.