आधी खिळा, मग ताटली

आमच्या कंधारच्या साडूइतका हट्टी माणूस अख्ख्या मराठवाड्यात न्हाई. असला तरी तो माझा साडू न्हाई, एवढंच नशीब. लोकं गावाला जायचं ठरलं की तिकीट काढतेत, हा भिंतीला खिळा मारतो. मग खिळ्याला ताटली पाहिजे म्हणून गावाला जातो. म्हैसूर, जयपूर, उटी, जिथं गेला तिथून त्या गावाचं चित्र असलेली चिनीमातीची ताटली आणली. पण नुसती विकत घेऊन भागत न्हाई. त्याच गावात त्यानं अन अक्कानं, म्हंजे माझ्या थोरल्या मेव्हणीनं, त्या एका ताटलीत जेवायचं, मगच ती भिंतीवर. जयपूरला हॉटेलवाला आपल्याच ताटात वाढतो म्हणला, तर हा बाहेर पायरीवर जाऊन बसला. अन भिंतीवरची ताटली केसभर वाकडी दिसली तर हातातला घास टाकून उठतो. मला शाळेचा वारा लागला न्हाई, मी चित्रं पाहूनच गावं वळखतो. उटीच्या ताटलीवरली आगगाडी पाहून "ही पूर्णा टेसनावरली ना?" म्हणलो, तवापासून अक्का मला चहा देतानाबी हसायची.

मग त्यानं कन्याकुमारीचा खिळा मारला. अक्काला समुद्र पहायचा होता. तेवढ्यात तिचं हार्टचं दुखणं निघालं, डॉक्टरनं लांबचा प्रवास बंद केला. अक्काचं हसणंबी बंद झालं. मी शहाणपणा करून नांदेडातून शंखाच्या चित्राची ताटली आणली.

"हिच्यात जेवलं कोण?" साडू म्हणला.

"मीच. सकाळी पोहे खाल्ले."

त्यानं ती परत माझ्या पिशवीत घातली.

"काढा तो खिळा, डोळ्यात टोचून राहिला," अक्का म्हणायची.

"मारलेला खिळा मी काढत नसतो."

एका रविवारी त्यानं स्टीलची ताटली आणली, मशीननं गावाचं नाव टाकून घेतलेली. अक्काला रिक्षात बसवलं, डबा धरायला मला. रिक्षा थांबली ती कंधारच्याच किल्ल्यापाशी.

"जन्म इथं गेला, अन इथलीच ताटली न्हाई आपल्याकडं," म्हणला.

दोघांनी एका ताटलीत भाकर-पिठलं खाल्लं. खंदकातल्या पाण्याकडं पाहत अक्का म्हणली, "मला एवढा समुद्र बास हाय."

घरी येऊन कन्याकुमारीच्या खिळ्याला ती ताटली टांगायचं काम माझ्याकडं आलं. चित्र न्हाई, नुसती अक्षरं. वरची बाजू कोणती, मला काय कळतंय? टांगून मागं सरलो, तर अक्का खाटेवर पोट धरून हसून राहिली. मी घाईनं सरळ करायला गेलो, तर साडूनं माझा हात धरला.

"असू द्या पाव्हणं."

कंधार अजून उलटंच टांगलेलं हाय.