बेचाळीसच्या अलीकडे

माझी काकू रस्ते मोजते. छंद म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. हायवे खात्यात ती मोजणीदार आहे. हातात दांडा, दांड्याला चाक आणि चाकावर मीटर मोजणारं छोटं यंत्र. ते चाक ढकलत ती चालते आणि किलोमीटरचे दगड कुठे रोवायचे ते ठरवते. वर्षाला चपलांचे चार जोड झिजवते. जगातला कुठलाही रस्ता कुठेतरी शून्यावर सुरू होतो आणि ते शून्य ज्याला सापडलं तो हरवत नाही, असं तिचं म्हणणं. घरात मात्र तिला स्वतःचा चष्मा सापडत नाही.

तिची सासू म्हणजे माझी आजी. आजीचं हायवेवर चहाचं दुकान आणि दुकानाच्या दारातच बेचाळीसचा दगड. म्हणून दुकानाचं नाव 'बेचाळीस'. ट्रकवाले एकमेकांना सांगत, "बेचाळीसला थांबू." पाटी कधी लावलीच नाही. आजोबांच्या मागे आजीने दोन मुलं या एका आकड्यावर वाढवली.

मग खात्याने चाळीसच्या पुढचं मोठं वळण सरळ केलं आणि रस्ता सहाशे मीटरने आखूड झाला. एक्केचाळीसचा दगड पुढे सरकला. आता पाळी बेचाळीसची होती, तो जाणार दुकानापुढच्या पंक्चरवाल्याच्या दारात. मोजणी अर्थातच काकूकडे आली.

"सहाशे मीटर म्हणजे काय गं? एक शिंक येईपर्यंत गाडी तेवढं जाते," आजी म्हणाली. "राहू दे दगड तिथंच."

"अहो आई, मी सूतभरही इकडेतिकडे करत नाही."

"घरच्या माणसासाठी पण नाही?"

"घरच्यांसाठी तर नाहीच."

आजीचा तिळपापड झाला. तिने काकूशी बोलणंच टाकलं. "हिला सांग, साखर संपलीय," असे निरोप काकामार्फत जाऊ लागले आणि काकू हातभर अंतरावर उभी असायची. काकाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. तो बिचारा न बिघडलेली सायकल दुरुस्त करत बसे. मला हसू यायचं, पण आजीची भीती खरी होती. नाव गेलं तर गिऱ्हाईक थांबणार कशाला?

मोजणीच्या दिवशी सकाळी आम्ही एक्केचाळीसच्या दगडापाशी पोचलो, तर आजी आधीच तिथे हजर.

"दे ते चाक," ती काकूला म्हणाली. पंधरा दिवसांतलं हे पहिलं थेट वाक्य. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? मीच मोजते."

काकूने दांडा दिला. "फक्त सरळ चाला, आई."

आजी पुढे, आम्ही मागे. आकडा चारशेवर आला आणि समोर दुकान. आजी थांबली. तिने यंत्राकडे पाहिलं, मग दुकानाकडे. चाक उचलून बोटाने फिरवलं तरी आकडा पळतो, हे तिला ठाऊक होतं. काकू नेमकी तेव्हाच चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली. तो पट्टा खरंच सुटला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही.

आजीने नाक ओढलं आणि ती पुढे चालू लागली. हजार भरले ते पंक्चरवाल्याच्या पायरीसमोर. आजीने काकूच्या हातातला रंगाचा डबा घेतला, वाकून स्वतः खूण मारली आणि म्हणाली, "मेलं, बरोबर आहे."

दगड हलला. पंक्चरवाल्याला दिवसभर लोक चहा मागू लागले. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याने जुन्या टायरवर रंगवलं, 'चहा सहाशे मीटर मागे.' आजीनेही शेवटी पाटी लावली, एका बाजूला 'बेचाळीसच्या अलीकडे', दुसऱ्या बाजूला 'बेचाळीसच्या पलीकडे'. कुणी कुठूनही येवो.

परवा एक जुना ट्रकवाला कुरकुरत आला. "आजी, खात्यानं काहीतरी घोळ घातलाय. तुम्ही कायम बेचाळीसलाच होतात."

आजी चहा गाळत होती. तिने मानही वर केली नाही.

"घोळ नाही. माझ्या सुनेनं मोजलंय."

आत काकू कप विसळत होती. बराच वेळ ती एकच कप विसळत राहिली.