हृदयाच्या गोळीची अदलाबदल

मागच्या हिवाळ्यात मायला अटॅक आला, तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या किती वर्षांपासून खातात?" आमच्याकडे कापूस वेचायला जाणारी प्रत्येक बाई सकाळच्या चहासोबत एक गोळी घेते, वर्षं कोण मोजतं? त्यांनी सांगितलं, ही गोळी गुडघ्याची सूज उतरवते, पण रोज खाल्ली की रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर बिघडतं, बीपी वाढतो, गुठळी होऊ शकते.

घरी येऊन मी त्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या फेकल्या. दोन महिन्यांनी माय ऐकेना, पुन्हा वेचणीला जाऊ लागली. डॉक्टरांनी दिलेल्या हृदयाच्या गोळ्या ती पदराला बांधून न्यायची. तरी बीपी उतरेना. शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं : माय त्या गोळ्या वावरात बायांना देते आणि बदल्यात त्यांच्याकडून दुखण्याच्या घेते. मोठ्या डॉक्टरची गोळी म्हणून बायाही खुशाल गिळतात.

मी घर डोक्यावर घेतलं. माय म्हणाली, "ह्या गोळीनं मले उठता येते. तुह्या गोळीनं काय होते, मले तं काईच दिसत नाही."

मी तिच्या पदरातली दुखण्याची गोळी हिसकावली. दुसऱ्या दिवशी तिला मोरीपर्यंतही जाता येईना. दुपारी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी आणायला मीच गेले.