बावन्नातून सतरा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. जिंतूरच्या स्टँडसमोर ज्या मास्तर लोकांसोबत रोज चहा पितो, त्यांना तर नाहीच नाही. तुला सांगायलोय — पण मधेच 'जाऊ द्या हो सर' असलं काही म्हणायचं नाही. असली गोड बोलणी मी लय ऐकली. त्यांच्यावरच पोसलोय मी.

येलदरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा. चौथीचा वर्ग कायम माझ्याकडं. रेखा मॅडम नव्या आल्या, त्यांना तिसरी दिली. ही बाई मला अजूनही आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, उगं पस्तावल्याचं सोंग नको. सदा हसतमुख. खुर्ची सोडून लेकरांत खाली बसायची. तिनं वर्गात एक खूळ काढलं होतं — फळ्याचा डावा कोपरा आखून घेतला, तो चुकांचा. ज्याचं गणित चुकलं त्यानं आपणहून तिथं लिहायचं, कसं केलं ते सांगायचं, बाकीच्यांनी कुठं घसरलं ते शोधायचं. कळलं की ज्याची चूक त्यानंच आपल्या हातानं पुसायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि सकाळी सगळ्यात आधी लिहिणार कोण? बाई स्वतः. भाजीत मीठ दोनदा टाकलं, हजेरीत एकाचं नाव गाळलं — असलं काहीबाही. लेकरं खदाखदा हसायची. भिंतीपलीकडं मला ऐकू यायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. का? तिची लेकरं शिकायला लागली होती म्हणून. दुसरं काय!

तालुक्याचे साहेब आले, बघून खूश झाले. हेडमास्तरांनी लगेच हुकूम काढला — नव्या सालापासून पहिली ते सातवी, साऱ्या शाळेत चुकांचा कोपरा. मीटिंगमधे मी सगळ्यांच्या आधी मान डोलावली. मनात म्हणलं, केस पांढरे झाले अन् आता कालच्या पोरीकडून शिकू? कोपरा आखला मी. झकास आखला, रंगीत खडूनं. माझी चूक तेवढी तिथं एकदाही लिहिली नाही. लेकरांनाच एकेक उभं करायचो.

आता कोमल. मेंढरं राखणाऱ्या घरची पोर. तिसरी मॅडमकडं करून माझ्याकडं आलेली. तिला बिचारीला वाटलं, सगळ्या वर्गांत नियम तोच असणार. एका सकाळी आपणहून उठली आणि कोपऱ्यात लिहिलं — बावन्नातून सतरा गेले, राहिले पंचेचाळीस. दोनातून सात जात न्हाईत म्हणून तिनं सातातूनच दोन काढले होते. तेही घडाघडा सांगून टाकलं. आणि मग माझ्याकडं वळली.

"सर, तुमची चूक लिवा की. मॅडम आधी लिवायच्या."

काय सांगू कसला संताप आला! मेंढरामागची पोर, आणि पाटलाच्या घरच्या माणसाला चूक लिहायला लावते? हेच शब्द मनात आले. आता त्यांना साबण लावून तुझ्यापुढं ठेवणार नाही.

ती डस्टर घ्यायला आली. मी डस्टर टेबलाच्या खणात टाकलं. म्हणलं, राहू दे. दिसू दे सगळ्यांना.

आणि राहू दिलं. दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी. त्यापुढंही. हजेरी घेताना तिच्या नावाऐवजी मी 'पंचेचाळीस' म्हणायला लागलो. मास्तरनंच वाट दाखवल्यावर लेकरं काय मागं राहतात? हापशावर, पारावर — 'पंचेचाळीस आली रे, पंचेचाळीस आली!' रोज सकाळी ती आधी फळ्याकडं बघायची, मग माझ्याकडं. ती काय मागतेय ते मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पस्तीस कसे येतात तेही मी तिला कधी सांगितलं नाही. मग एक दिवस ती यायची बंद झाली. बापामागं माळावर जायला लागली.

तुला वाटेल, झालं, एवढंच. एवढंच असतं तर इथवर कशाला आलो असतो? असले मास्तर ढिगानं सापडतात.

रेखा मॅडम माळावर गेली, बापाला गाठलं. पोरीला घेऊन शाळेत या म्हणून त्याला सांगितलं. हेडमास्तरांनी समितीची बैठक लावली. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी शाळेत पोचलो आणि ती वजाबाकी पुसली — ओल्या फडक्यानं, मागमूस राहू नये म्हणून. आता सांग, रागाच्या भरात झालं म्हणायला काही जागा उरते का?

बैठकीत मी काय ठासून बोललो! म्हणलं, मी पहिल्यापासून ओरडत होतो, चुका चव्हाट्यावर मांडल्या की लेकरं हसणारच. एका वर्गात जमलं म्हणून साऱ्या शाळेच्या गळ्यात बांधायचं? खूळ मॅडमचं, मी आपला हुकमाचा ताबेदार. माना डोलल्या. मॅडमनं वाद घातला नाही. फक्त एक विचारलं.

"सर, तिला तिच्या हातानं पुसू दिलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

मॅडमनं दाराकडं बघितलं. तिथं बापाच्या मागं कोमल उभी होती. वर्गातल्या बाकी एकाही लेकराला कुणी विचारलं नाही. लेकरांना विचारतं कोण?

साऱ्या शाळेतले कोपरे पुसले गेले, तिसरीतला सुद्धा. मॅडमनं बदली मागून घेतली, गेली मानवतकडं. कोमल शाळेत परत आली नाही. मला मात्र गावानं उलट मान दिला — सरांनी आधीच सांगितलं होतं म्हणे! मीही तो घेतला.

आणि अजून एक आहे. मघापासून त्याच्याभोवतीच फिरायलोय मी.

माझं 'हो' ऐकल्यावर बाप पोरीकडं वळला होता. "पुसू देत न्हाईत म्हणून रडायलीस ना घरी? मग गुर्जी काय खोटं बोलायलेत व्हय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. एक शब्द पुरला असता — माझा. बापानं सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात ठेवून दिली. मग माझ्यासमोर आला, हात जोडले, कमरेत वाकला.

"माफी करा, गुर्जी. लेकराचं चुकलं."

मी म्हणालो, "असू द्या. लेकरू हाय. चुकायचंच."