रेश्माची प्राध्यापकी

ज्याला पहिल्या फटक्यात नोकरी लागते, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. चार वर्षं अर्ज करणाऱ्याकडे मात्र किस्से साठतात, माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. आमच्या लॅबमध्ये अशी एकच, भांडुपची रेश्मा. पदार्थ भयंकर थंड केले की त्यांतून वीज कशी वाहते, हे आम्ही दोघं मोजतो. विद्यापीठात शिकवायचं, हे तिने शाळेतच ठरवलेलं. पण फेलोशिप जूनअखेर संपत होती आणि तिच्या दादाने मुलुंडच्या एका कोचिंग क्लासमध्ये तिच्यासाठी शिकवायची नोकरी बघून ठेवली होती.

*

एका विद्यापीठाच्या अर्जात ‘संशोधनाचा अनुभव’ या रकान्यात तिने लिहिलं, ६.४ ± ०.१ वर्षं. तिथल्या ऑफिसातून फोन आला.

“मॅडम, हे अधिक-उणे काय आहे?”

“रुजू झाल्याची तारीख नीट नोंदलेली नाही. तेवढा फरक पडू शकतो.”

“अहो, राउंड फिगर लिहा ना.”

“ते खोटं होईल.”

मी शेजारी बसून डोक्याला हात लावला. अर्ज बाद झाला.

*

लॅबमध्ये द्रवरूप हेलियम आलं की घरात लग्न असलं तरी कोणी हलत नाही, कारण ते बघता बघता उडून जातं. नेमका त्याच दिवशी तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आला. तिने लॅपटॉप यंत्राशेजारी स्टुलावर ठेवला.

“मागे कसला आवाज येतोय?” अध्यक्षांनी विचारलं.

“पंप आहे, सर. हेलियम संपत आलंय. जरा लवकर आटोपता येईल का?”

त्यांनी आटोपलं. कायमचंच!

*

तिचे वडील, बापू, गिरणीतले जुने विणकर; बोलणं अजून मालवणी. भौतिकशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, तरी रेश्मा भाषणाचा सराव त्यांच्यासमोरच करते. एकदा मीही होतो. बापूंनी आलेखावर बोट ठेवलं.

“हो एक ठिपको बाजूक कित्याक पडलो?”

“एखादा पडतो, बापू.”

“धागो तुटलो की आधी साचो बंद करूचो लागता.” साचो म्हणजे त्यांचा गिरणीतला माग.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पुन्हा मोजलं. एक तार सैल निघाली. मी पुढचा आठवडाभर माझे सगळे आलेख तपासत होतो.

*

शेवटचा इंटरव्ह्यू मे महिन्यातला. समोरचे तज्ज्ञ म्हणजे आमच्या विषयातलं बडं प्रस्थ.

“तुमचा निष्कर्ष माझ्या पेपरच्या बरोब्बर उलट आहे,” ते म्हणाले. “चूक कोणाची?”

मी असतो तर माझीच म्हणून मोकळा झालो असतो. रेश्मा म्हणाली, “सर, तुमचा नमुना पाठवा. मोजून सांगते.”

बाहेर आल्यावर तिने मला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, “वाट लागली ना रे?”

“पुरती,” मी म्हटलं.

निकाल लागला: ‘एकही उमेदवार योग्य आढळला नाही.’ सोमवारपासून क्लासमध्ये शिकवायला जायचं ठरलं. रेश्माने टेबल आवरायला घेतलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

शुक्रवारी तिच्या नावाने कुरिअर आलं. डबीत कापसावर तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक, आणि त्या तज्ज्ञांच्या सहीची चिठ्ठी: ‘मोजा. तुमचं बरोबर निघालं, तर माझा पेपर मी मागे घेईन.’

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. रेश्माने एकदाच वाचली आणि फोन लावला.

“दादा, क्लासवाल्यांना सांग, सोमवारी जमणार नाही. मला काम आहे.”